दुखऱ्या सांध्यांसाठी खानदेशी ताट : प्रस्तावना

कापूस वेचणीच्या दिवसांत खानदेशातल्या कुठल्याही खेड्यात किराणा दुकानावर मीठ-मिरचीइतक्याच सहजपणे खपणारी एक वस्तू असते, ती म्हणजे दुखण्याची गोळी. सकाळपासून वाकून ओटीत कापूस गोळा करणारी बाई संध्याकाळी कंबर धरून घरी येते आणि स्वयंपाकाला लागण्याआधी अर्ध्या कप चहाबरोबर ती गोळी घेते. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या मजुरांचेही तेच. गोळी सुटी मिळते, चिठ्ठी लागत नाही, तासाभरात ठणका उतरतो. म्हणून ती उद्याही घेतली जाते, परवाही. काही वर्षांनी याच माणसांच्या पोटात जळजळ सुरू होते, पायांवर सूज येते आणि रक्ततपासणीत मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले निघते. दुखणे जागच्या जागीच असते.

या पुस्तकाचा विषय दाह कमी करणारा आहार हा आहे. हा विषय शहरी मासिकांतून ऑलिव्ह तेल, ॲव्होकॅडो आणि सामन मासा यांच्या चित्रांसह येतो आणि धुळे-जळगावचा वाचक पान उलटतो. त्याचे काही चुकत नाही. त्या पदार्थांचा त्याच्या शेताशी, बाजाराशी किंवा खिशाशी संबंध नाही. पण त्या चित्रांमागचे शास्त्र त्याच्याही सांध्यांना लागू आहे, आणि ते अमलात आणायला लागणारे बहुतेक सगळे जिन्नस तापी, गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यांत पूर्वापार पिकत आले आहेत. हा एकच मुद्दा वाचकाच्या मनात पक्का बसावा, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

दुखण्याचे प्रमाण किती, हा पहिला प्रश्न. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्वांत भरवशाचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने दिले. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे काही ना काही दुखणे होते. भिगवण हे शेतीवर जगणारे गाव आहे, खानदेशासारखेच. तिथे शंभरात अठरा, तर आपल्याकडे फार वेगळे असण्याचे कारण दिसत नाही. त्यात २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. ताप आठवड्यात गेला, पण अनेकांचे सांधे पुढे महिनोन्‌महिने, काहींचे वर्षानुवर्षे धरलेले राहिले.

आता दाह म्हणजे काय ते पाहू. पायात काटा मोडला की तिथे लाली, सूज, ऊब आणि वेदना येते. ही चार लक्षणे पहिल्या शतकातल्या रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदवून ठेवली आहेत आणि आजचे वैद्यकीय विद्यार्थीही तीच शिकतात. हा दाह आपल्या कामाचा आहे. जंतूंशी लढण्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, काम संपवतात आणि दाह ओसरतो. त्रास होतो तो न ओसरणाऱ्या दाहाचा. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो आत धुमसत राहतो. सांधा फारसा लाल दिसत नाही, ताप येत नाही, पण सकाळी बोटे वळत नाहीत, जिना चढवत नाही, थकवा जात नाही. रक्तात सीआरपी नावाचे प्रथिन वाढलेले सापडते.

या धुमसत्या दाहाची आहाराशी जोडलेली तीन कारणे पाहू. पहिले कारण स्निग्धाम्ले. पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाम्लांपासून शरीर प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्ये तयार करते आणि त्यांच्यामुळे सूज व वेदना वाढते. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या हीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्या कामाला १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच द्रव्यांचा एक भाग जठराच्या अस्तराचे रक्षण करतो आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतो. म्हणूनच रोजची गोळी पोट आणि मूत्रपिंड या दोघांनाही महाग पडते. आहाराचा प्रवेश इथेच होतो. पेशींच्या आवरणात कोणती स्निग्धाम्ले जातात, हे आपण काय खातो त्यावर अवलंबून असते. हा बदल एका जेवणाने होत नाही. त्याला आठवडे आणि महिने लागतात.

दुसरे कारण पोटावर साठलेली चरबी. तिला आपण निव्वळ साठा समजत होतो. १९९३ मध्ये कळले की चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायने स्वतः रक्तात सोडतात. शिवाय वजनाचा हिशोब आहेच : वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी उतरतो. अमेरिकेत गुडघेदुखीच्या ४५४ स्थूल रुग्णांवर अठरा महिने चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळून वजन उतरवले, त्यांचे दुखणे सर्वांत जास्त कमी झाले आणि रक्तातला दाहही उतरला. तिसरे कारण आतड्यातले जंतू. ज्वारी, डाळी, पालेभाज्या यांतला चोथा आपल्याला पचत नाही, पण या जंतूंचे ते अन्न आहे. त्यावर जगून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याचे अस्तर निरोगी ठेवतात. मैद्यावर आणि साखरेवर हे जंतू उपाशी राहतात.

या आहाराने दुखणे किती कमी होते, हे फुगवून सांगू नये. स्वीडनमधील काल्मार येथे संधिवाताच्या ५१ रुग्णांवर झालेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. भूमध्य सागराकाठच्या लोकांसारखे, म्हणजे भाज्या, कडधान्ये, मासे, ऑलिव्ह तेल असे जेवण बारा आठवडे घेणाऱ्यांची सांध्यांची सूज आणि वेदना नेहमीचे जेवण जेवणाऱ्यांपेक्षा कमी झाली. त्याच देशात गोथेनबर्गला झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात मात्र मुख्य तुलनेत ठोस फरक निघाला नाही. दोन्ही निष्कर्ष वाचकासमोर ठेवले पाहिजेत. माझे मत असे की आहाराने बऱ्याच रुग्णांचा ठणका काही अंशी उतरतो, गोळ्यांची गरज कमी होऊ शकते, आणि ज्यांचे सांधे फारसे सुधारत नाहीत त्यांचेही हृदय, साखर आणि वजन सुधारते. संधिवाताच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हा लाभ लहान मानू नये.

खानदेशी ताटाची सुरुवात दादरने होते. तापीकाठच्या काळ्याभोर जमिनीत रब्बीत नुसत्या ओलीवर वाढणारी ही ज्वारी. पाऊस सरला की पेरायची, पाणी द्यायचे नाही, तरी टपोरे दाणे देते. तिच्यात चोथा भरपूर आहे आणि ती गव्हाच्या मऊ पोळीपेक्षा सावकाश पचते. कणीस आणि कडबा दोन्ही उपयोगी पडत असल्याने ती घरोघर होती. पुढे सिंचन आले, केळी आणि ऊस आला, रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळू लागला आणि भाकरी हळूहळू ताटातून मागे सरकली. आज दादर बाजारात बऱ्याचदा गव्हाहून महाग मिळते. गरिबाचे धान्य श्रीमंताच्या पथ्याचे झाले आहे, आणि पथ्य सांगणाऱ्या आम्हा मंडळींना ही अडचण नजरेआड करून चालणार नाही. दोन्ही वेळा दादर परवडत नसेल तर एक वेळ खावी, किंवा बाजरी-नाचणी आलटून पालटून घ्यावी.

या ज्वारीत उडीद घालून दळले की कळणा होतो. अहिराणीत कयनानी भाकर. प्रमाण घरागणिक बदलते, साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि चवीला मीठ. कळण्याची भाकरी थापताना हाताला वेगळी लागते. उडदामुळे पीठ चिकट होते, कडा फाटत नाही, आणि तव्यावर टाकली की सालीचे काळे ठिपके उमटतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, उडदात ते पुरेसे असते. दोन्ही एकत्र आल्याने त्या भाकरीतून पुरते प्रथिन मिळते, वर सालीचा चोथा. आहारशास्त्र शिकलेल्या कुणी बसून हे गणित मांडले नव्हते. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरोटावर, म्हणजे जात्यावर, हे दळले, त्यांनी ते चवीवरून आणि ताकदीवरून ओळखले. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई त्यांच्यातल्याच. घरोट परत आणावा असे मी म्हणणार नाही. गिरणीवाल्याला जरा भरड दळायला सांगावे आणि पीठ चाळून कोंडा फेकू नये, एवढे पुरे.

भाकरीसोबत जवसाची चटणी. या पुस्तकातला एकच पदार्थ करून पाहायचा असेल तर तो हा. जवस कोरडेच मंद आचेवर भाजायचे. आधी काही होत नाही, मग एकदम तडतड सुरू होते आणि दाणे कढईबाहेर उडू लागतात. तडतड थांबायच्या आत खाली उतरवायचे, नाही तर कडवट होतात. गार झाले की सुकी मिरची, लसूण, जिरे, मीठ घालून कुटायचे. अख्खे जवस खाऊन उपयोग नाही, टणक सालीमुळे ते जसेच्या तसे बाहेर पडतात. कुटलेले जवस फार दिवस ठेवूही नयेत, तेल खवट होते. आठवड्यापुरतेच करावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. मोठा चमचाभर कुटलेल्या जवसातून दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. हे ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल आहे आणि प्रौढ माणसाची रोजची गरज एवढ्यात भागते. शरीर त्याचा थोडाच भाग माशांत असणाऱ्या ओमेगा-३ मध्ये बदलू शकते, हेही सांगितले पाहिजे. जे मासे खातात त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा खावेत, रश्श्यात शिजवलेले, तळलेले नकोत. जे खात नाहीत त्यांच्यासाठी जवसाइतका स्वस्त पर्याय नाही.

भाज्यांबद्दल आपल्याकडे एक गैरसमज खोल रुजला आहे. सांधे दुखू लागले की पहिल्यांदा वांगे बंद होते, मग हरभरा, मग उडीद, मग केळी, कारण सगळे ‘वातूळ’ किंवा ‘थंड’. जळगावच्या माणसाला भरीत सोडायला सांगणे म्हणजे हिवाळाच सोडायला सांगणे. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते हिरवट-पांढरे, मोठे वांगे तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी मुसळीने ठेचून, हिरवी मिरची-लसूण-शेंगदाणे-कांद्याची पात घालून होणारे भरीत सांध्यांना बाधते, असा चांगला पुरावा नाही. उलट वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल हे दाह कमी करणारे मानले जाणारे द्रव्य भरपूर असते. एखाद्याला खरोखरच वांग्याने त्रास होत असेल तर त्याने तीन आठवडे बंद करून पुन्हा खाऊन पाहावे आणि स्वतः ठरवावे. शेजारणीच्या अनुभवावरून आपले ताट रिकामे करू नये. मला भरतात खटकते ते वांगे नव्हे. खटकते ते वरून ओतलेले तेल आणि सोबतच्या पुऱ्या. भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खावे. केळीचेही तसेच : मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर रोजचे एक केळ कुणाचे सांधे आखडवत नाही.

मेथी, पोकळा, शेपू, अंबाडी, गिलकी, गंगाफळ, शेवग्याची पाने, पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मिळणाऱ्या रानभाज्या, यांची प्रकरणे पुढे आहेत, त्यामुळे इथे थांबत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. आपल्याकडे भाजी म्हणजे भाकरीला लावून खायची वस्तू झाली आहे. ती वाटीने खायला हवी.

आता तेल. इथे मी खानदेशी माणसाला, म्हणजे मलाही, जराही सवलत देणार नाही. शेवभाजीवर तर्री नसेल तर आपण तिला शेवभाजी म्हणत नाही, वरण-बट्टीतली बट्टी तुपात बुडवल्याशिवाय ताटात येत नाही. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शनात माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो. म्हणजे पंधरा किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. तुमच्या घरात तो किती दिवस पुरतो, हे वाचकाने आजच आठवून पाहावे. कोणते तेल, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. शेंगदाण्याचे, करडईचे, तिळाचे, कुठलेही चालेल, आलटून पालटून वापरावे. किती, हा प्रश्न आधी सोडवावा. तळणाचे तेल मात्र पुन्हा पुन्हा तापवू नये. वापरलेल्या तेलातले खराब झालेले घटक २५ टक्क्यांवर गेले की ते फेकून द्यावे, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून लागू केला आहे. रस्त्यावरच्या भज्यांच्या कढईत तो कोण तपासतो, हे सांगायला नको.

तेलाच्या खालोखाल चहातली साखर, बेकरीची खारी-टोस्ट आणि पाकिटातले चटकदार पदार्थ. सणाच्या जेवणाला मी हात लावणार नाही. आखाजीचे मांडे आणि आमरस, कानबाईचे रोट आणि खीर, ही वर्षातून एकदाची आहेत आणि त्यांनी कुणाचे सांधे सुजले नाहीत. रोजचा दिवस आखाजीसारखा झाला, तिथून बिघाड सुरू झाला.

हळदीबद्दल दोन शब्द, कारण तिचा बाजार मोठा आहे. थायलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघेदुखीच्या रुग्णांना रोज दीड ग्रॅम हळदीचा अर्क दिला, तेव्हा आयब्युप्रोफेनइतकाच आराम पडला. पण तो अर्क होता. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असते. तेवढी मात्रा मिळवायला रोज चाळीस-पन्नास ग्रॅम हळद खावी लागेल, आणि ते शक्य नाही. भाजीतली हळद चालू ठेवावी, तेल आणि मिरीबरोबर ती जरा बरी शोषली जाते. महागड्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना तर हातच लावू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटतो, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

काही दुखणी आहाराच्या हातातली नाहीत आणि ती ओळखायला उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजले असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर तो संधिवात असू शकतो. त्यावरची औषधे पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. त्यांतली मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. सातपुड्याच्या पट्ट्यात, शिरपूर, चोपडा, यावलच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत हातापायांची हाडे पुन्हा पुन्हा दुखणारे मूल दिसले, तर त्याला वात म्हणून तेल चोळत बसू नये. तो सिकलसेल हा रक्ताचा आजार असू शकतो. रक्ताची साधी तपासणी करावी. केंद्र सरकारने २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आहे. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सगळ्यांसाठी खुले आहे. हे पुस्तक हातात घेऊन कुणी चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

शेवटी एक गोष्ट, जी पथ्याच्या पुस्तकांत सहसा येत नाही. संधिवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक होतो. म्हणजे आपल्या घरात ज्या व्यक्तीला हे जेवण हवे, तीच ते रांधणार. सगळ्यांसाठी पोळ्या लाटून झाल्यावर ती स्वतःसाठी वेगळी भाकरी थापणार नाही. सगळ्यांची भाजी संपल्यावर राहिलेल्या तर्रीत ती शिळी पोळी बुडवून खाईल, आणि पथ्य पाळत नाही म्हणून बोलणीही तिलाच बसतील. तिच्या दुखण्याला हे पुस्तक तेव्हाच उपयोगी पडेल, जेव्हा घरातला नवरा आणि मुलगा तिच्याबरोबर तेच जेवतील. म्हणून माझी विनंती घरातल्या पुरुषांना आहे. पुढचे पान उलटण्याआधी ठरवा : बारा आठवडे सगळ्या घराचे जेवण एकच, जवस कुटायचे काम तुमचे, आणि भाजीची पहिली वाटी तिच्या ताटात.